मापच बदललं तर ‘नॉर्मल’ कशाला म्हणायचं?

माझी भाची चोवीस वर्षांची आहे. राहते मुलुंडला, नोकरी अंधेरीला सीप्झमध्ये. रोज लोकलनं घाटकोपर आणि तिथून मेट्रोनं अंधेरी. उजव्या डोळ्याचा नंबर उणे साडेसहा, डाव्याचा उणे सहा. जुलैच्या पावसात घाटकोपरच्या पुलावर चेंगरत चालताना चष्म्याच्या काचांवर वाफ धरली की पुढची पायरी कुठं संपते हे तिला दिसत नाही. काचा पुसायला थांबावं तर मागचा लोंढा थांबत नाही. त्यामुळे ती जेव्हा म्हणाली, “मामा, मला लेसर करून घ्यायचंय,” तेव्हा मला त्यात नुसती हौस दिसली नाही. मी तिच्याबरोबर गेलो.

उपनगरातलं एक केंद्र होतं. नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका केंद्राचा नाही. तपासण्या दोन तास चालल्या, मग आम्हाला काउन्सेलरच्या टेबलाशी बसवलं. पॅकेजचा कागद समोर आला, सवलत रविवारपर्यंत होती. भरून दिलेल्या फॉर्मवर मधुमेह, थायरॉइड, गरोदरपण, अ‍ॅलर्जी असे सगळे रकाने होते. घरात कुणाला काचबिंदू आहे का, हा रकाना नव्हता. म्हणून मीच विचारलं, “हिच्या वडिलांना काचबिंदू आहे. त्याचं काय?”

ती मुलगी नम्र होती. म्हणाली, “सर, काचबिंदू हा वयाचा आजार असतो. मॅमचं प्रेशर बारा आहे, एकदम नॉर्मल. आणि लेसरनंतर प्रेशर अजून कमीच येतं.”

हा लेख या तीन वाक्यांना उत्तर आहे. दोष त्या मुलीचा नाही. तिला जे शिकवलं ते ती बोलली. पण हीच वाक्यं, थोडेफार शब्द बदलून, बोरिवलीच्या एका स्नेह्यांच्या मुलाला आणि घाटकोपरच्या आमच्या शेजारणीच्या बहिणीलाही ऐकवली गेली आहेत. यातलं पहिलं वाक्य चुकीचं आहे, दुसरं अपुरं आहे. तिसरं मात्र खरं आहे, आणि तेच सर्वांत धोक्याचं आहे.

मी डॉक्टर नाही. भावोजींचा काचबिंदू बारा वर्षांपूर्वी सापडला, तेव्हापासून त्यांच्याबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर बसतो आहे. जे शिकलो ते विचारून आणि वाचून. भावोजी तेव्हा बावन्न वर्षांचे होते. वाचायच्या चष्म्याचा नंबर काढायला गेले होते, तक्रार दुसरी काहीच नव्हती. डॉक्टरांनी डोळ्याच्या मागची नस पाहिली आणि फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेचा आवाका मोजणारी तपासणी, करायला सांगितली. उजव्या डोळ्याच्या नजरेचा वरचा जवळजवळ अर्धा भाग गेलेला निघाला. त्या डोळ्यानिशी ते रोज एलबीएस रस्ता ओलांडत होते आणि त्यांना काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं. दुखत नाही, लाल होत नाही, धूसर दिसत नाही. नजर कडेकडेनं गळत जाते आणि मेंदू ती भोकं बुजवून चित्र पुरं करून देतो. गेलेली नजर परत येत नाही. रोज रात्रीचा थेंब आहे ती नजर टिकवण्यासाठी असतो.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा, कारण आपल्या घरांत तो फार आहे. ‘लेसर’ हा एकच शब्द आपण चार वेगळ्या कामांना वापरतो. मधुमेहात पडद्यावर करतात ते लेसर. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर भिंगामागची पिशवी गढुळते, ती उघडण्याचं लेसर. काचबिंदूत डोळ्यातलं पाणी वाहून जाण्याच्या जागी करतात तेही लेसरच. यांतलं एसएलटी नावाचं लेसर पहिला उपचार म्हणून किती चालतं, याची ब्रिटनमधली मोठी चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली; त्यात चौघांपैकी जवळपास तिघांचं तीन वर्षं थेंबांशिवाय निभावलं. आणि चौथं, नंबर घालवण्याचं. माझ्या ताईनं हे सगळं एकत्र ऐकलं आणि ती म्हणाली, “अरे, काचबिंदूवर लेसर करतातच ना? मग हिचं एका लेसरमध्ये दोन्ही कामं होतील.” तिची चूक समजण्यासारखी आहे, पण या दोन लेसरांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. काचबिंदूचं लेसर पाणी वाहायला मदत करतं. नंबरचं लेसर डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा, म्हणजे कॉर्नियाचा, थर उडवतं. नसेला ते हातही लावत नाही.

हा थर कसा उडतो, हे नीट बघितलं की बाकीचं आपोआप कळतं. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर प्राण्याच्या ऊतीचा अतिशय पातळ थर, बाजूचं काहीही न भाजता, काढू शकतो, हे आयबीएमच्या प्रयोगशाळेत १९८१ साली दिसलं. ते पाहणाऱ्या तिघांपैकी रंगस्वामी श्रीनिवासन हे मद्रासमध्ये जन्मलेले. आदल्या दिवशीच्या सणाच्या जेवणातलं उरलेलं टर्की पक्ष्याचं मांस त्यांनी प्रयोगाला वापरलं होतं. किती नंबराला किती थर काढावा लागतो, त्याचं सोपं सूत्र आहे: जेवढ्या व्यासाच्या भागावर काम करायचं त्या मिलिमीटरांचा वर्ग, गुणिले नंबर, भागिले तीन, उत्तर मायक्रॉनमध्ये. सहा मिलिमीटरच्या भागासाठी एका नंबराला बारा मायक्रॉन. प्रत्यक्षात यंत्रं थोडा जास्तच काढतात.

माझ्या भाचीच्या उजव्या डोळ्याच्या कॉर्नियाची जाडी ४९८ मायक्रॉन. साडेसहा नंबराचे अठ्ठ्याहत्तर मायक्रॉन गेले की उरले ४२०. त्यात लॅसिक या नेहमीच्या पद्धतीतला फ्लॅप, म्हणजे वरची पापुद्र्यासारखी झडप, साधारण ११० मायक्रॉनची धरली तर तिच्याखाली ३१० उरतात. डोळा पुढे फुगू नये यासाठी जी मर्यादा पाळतात, तिच्यात हे बसतं. म्हणून तिच्या कागदावर ‘फिट’ असा शिक्का होता. तो शिक्का खोटा नाही. पण तो कॉर्निया पेलेल की नाही एवढंच सांगतो, मागच्या नसेबद्दल त्यात एक अक्षर नाही. दोन तासांच्या तपासण्यांतला बहुतेक वेळ पुढच्या अर्ध्या मिलिमीटरवर गेला होता.

आता ते ‘प्रेशर बारा’. डोळ्यातला दाब आपण थेट मोजत नाही. बाहेरून कॉर्निया दाबून बघतो आणि ती सपाट व्हायला किती जोर लागला त्यावरून आतला दाब ताडतो. आंब्याच्या दिवसांत आपण बाजारात आंबा अंगठ्यानं दाबून बघतो तसंच. साल जाड असेल तर आतून पिकलेला आंबाही कडक लागतो; साल पातळ असेल तर कच्चाही मऊ वाटतो. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या हान्स गोल्डमान यांनी १९५०च्या दशकात जो टोनोमीटर बनवला, तोच आजही जगभर प्रमाण मानतात. त्याचं ३.०६ मिलिमीटरचं टोक कॉर्नियाची जाडी ५२०च्या आसपास आहे असं धरून आकडा सांगतं. जाडी फार वेगळी असेल तर आकडा चुकेल, हे खुद्द गोल्डमान यांना ठाऊक होतं. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटनं मध्य महाराष्ट्राच्या खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ लोकांची पाहणी केली. त्यात कॉर्नियाची सरासरी जाडी ५१४ मायक्रॉन निघाली. म्हणजे आपल्याकडे पट्टी आणि माणूस मुळातच थोडे कमी-जास्त आहेत.

आणि त्यात लेसरनं ४९८ची ४२० केली की? टोनोमीटर तोच, डोळ्यातला दाबही तोच, आकडा मात्र खाली येतो. लेसरनंतर मोजलेला दाब सरासरी दोन ते पाच अंकांनी कमी भरतो, कुणाचा याहूनही अधिक. नुसती जाडीच बदलत नाही, कॉर्नियाचा ताठपणा आणि बाकही बदलतो. त्यामुळे ‘इतके मायक्रॉन गेले म्हणजे इतके अंक मिळवा’ असं भरवशाचं कोष्टक कुणालाही बनवता आलेलं नाही. काउन्सेलरचं ‘लेसरनंतर प्रेशर अजून कमीच येतं’ हे वाक्य या अर्थानं अगदी खरं आहे. येतं ते कमीच. ‘येतं’ आणि ‘होतं’ यांत मात्र नजर वाचण्या-जाण्याएवढं अंतर आहे. डोळ्यातला दाब कमी होत नाही, मापात कमी भरतो. आपल्याकडे मापात पाप म्हणतात. इथं पाप कुणाचंच नाही, पण खोट मापात कायमची बसते.

ही खोट उद्या त्रास देत नाही. भाची पंचेचाळीसची होईल, ऑफिसच्या आरोग्य तपासणीत किंवा चष्म्याच्या दुकानात हवेचा फटका मारणाऱ्या यंत्रावर तिचा दाब सोळा येईल. तपासणारा म्हणेल, नॉर्मल. खरा दाब वीसच्या पुढे असेल आणि नस रोज थोडी थोडी झिजत असेल. त्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. नेहमीच्या फील्ड टेस्टमध्ये पहिलं भोक दिसेपर्यंत त्यांतले पाव ते तिसरा हिस्सा गेलेले असू शकतात. कॉर्नियाच्या बदलाचा परिणाम कमी होईल अशी दाब मोजण्याची काही नवी यंत्रं आहेत, पण ती मुलुंड-बोरिवलीच्या प्रत्येक दवाखान्यात नाहीत, आणि असली तरी ती वापरायची आठवण व्हायला या डोळ्याचं लेसर झालं आहे हे आधी कळायला हवं.

माझं म्हणणं एवढंच आहे: नंबरचं लेसर काचबिंदू निर्माण करत नाही, पण काचबिंदू हुडकण्याची सर्वांत सोपी आणि सर्वत्र मिळणारी खूण ते पुसून टाकतं. ज्याला काचबिंदू होण्याची शक्यता साधारण लोकांहून अधिक आहे, त्याच्या बाबतीत ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी, स्पष्ट शब्दांत, त्याच्या भाषेत सांगितलीच पाहिजे, आणि ती पुसण्याआधी नीट नोंदवून त्याच्या हातात दिलीच पाहिजे.

यावर पहिला आक्षेप येतो तो वयाचा. काचबिंदू वयानुसार वाढतो हे बरोबर आहे, पण ‘वाढतो’ म्हणजे ‘तेव्हाच सुरू होतो’ असं नाही. चाळिशीच्या आत होणारा काचबिंदूही असतो. तो विरळा आहे, पण घराण्यांतून चालतो. शिवाय लेसर करायला येतो कोण? बहुतेक वेळा ज्याला उणे नंबर आहे तो. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स पाहणीनं १९९९ साली दाखवलं की उणे नंबरवाल्यांत काचबिंदू दोन ते तीन पट अधिक आढळतो. म्हणजे लेसरच्या रांगेत उभा असलेला माणूस त्या रांगेत उभा आहे म्हणूनच थोडा अधिक जोखमीचा आहे. त्यात वडील, आई किंवा सख्खं भावंड काचबिंदूचं असेल तर? नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात काचबिंदूच्या रुग्णांच्या जवळच्या नातेवाइकांना आयुष्यभरात तो होण्याचा धोका सुमारे बावीस टक्के निघाला; ज्यांच्या घरी तो नव्हता त्यांना सव्वादोन-अडीच टक्के. वयाचा आजार म्हणून हे उडवून लावता येत नाही. चोवीसाव्या वर्षी बदललेलं माप चौसष्टाव्या वर्षीही बदललेलंच असतं.

आणि ‘घरी नाही’ असं आपण म्हणतो ते तरी कशावरून? चाळिशी ओलांडलेल्या सुमारे एक कोटी बारा लाख भारतीयांना काचबिंदू असावा असा २०१० सालचा अंदाज आहे. चेन्नई आणि आंध्रच्या पाहण्यांत ज्यांना काचबिंदू निघाला त्यांतल्या दहापैकी नऊहून अधिकांना तो आहे हे माहीतच नव्हतं. त्याच पाहण्यांत आणखी एक गोष्ट दिसली: ज्यांची नस खराब होती त्यांतल्या निम्म्याहून अधिकांचा मोजलेला दाब एकवीसच्या आत, म्हणजे काउन्सेलरच्या भाषेत नॉर्मल होता. म्हणून ‘प्रेशर बारा’ हे वाक्य अपुरं. दाब दिवसभरात वर-खाली होतो, एका वेळचा आकडा हा एका वेळचाच. काचबिंदू आहे की नाही हे नस पाहून, तिचा ओसीटी हा स्कॅन काढून आणि फील्ड टेस्ट करून ठरतं. उणे नंबर मोठा असेल तर नसेचं तोंडच कलतं, कडेला पांढुरका भाग दिसतो, आणि ओसीटीचं यंत्र ज्या नमुन्यांशी तुलना करून हिरवा-लाल रंग दाखवतं त्यांत मोठ्या नंबराचे डोळे फारसे नसतात. तिथं निरोगी नस लाल दिसू शकते आणि आजारी नस हिरवी. एका तपासणीवर भागत नाही. सहा महिन्यांनी, वर्षानं पुन्हा बघून बदल होतो आहे का हे पाहावं लागतं. सवलत रविवारपर्यंत असते, हे वेळापत्रक या आजाराचं नाही.

मापाखेरीज दुसरी गोष्ट स्टिरॉइडच्या थेंबांची, आणि माझ्या मते ही लोकांना सर्वांत कमी सांगितली जाते. लेसरनंतर सूज उतरावी म्हणून हे थेंब द्यावेच लागतात. लॅसिकनंतर एक-दोन आठवडे, वरचा थर खरवडून करतात त्या पीआरकेनंतर कित्येक आठवडे, कधी महिने. काही माणसांच्या डोळ्यांत या थेंबांनी दाब चढतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत आर्माली आणि बेकर यांनी दाखवलं की साधारण लोकांतल्या तिसऱ्या हिश्श्यात तो थोडा चढतो आणि शंभरातल्या पाचेकांत जोरात. काचबिंदूच्या रुग्णांत, त्यांच्या मुलांत आणि मोठा उणे नंबर असलेल्यांत हे प्रमाण पुष्कळ अधिक. माझी भाची यांतल्या दोन गटांत आहे.

दाब चढला तर मोजल्यावर कळेलच, असं वाटतं. इथंच खरा घोळ होतो. लॅसिकमध्ये फ्लॅप आणि खालचा भाग यांच्यामध्ये एक फट कायमची राहते. आतला दाब फार वाढला की पाणी कॉर्नियातून झिरपून त्या फटीत साठू शकतं. मग मधोमध दाब मोजला तर टोक त्या पाण्याच्या उशीवर टेकतं आणि आकडा येतो आठ, दहा, कधी त्याहूनही कमी. रुग्णाला धूसर दिसतं, कॉर्निया धुरकट दिसते, आणि ही सूज आहे असं समजून स्टिरॉइड वाढवलं जाण्याची भीती असते. ज्यानं दाब चढला तेच औषध वाढतं, आतला दाब आणखी चढतो, आणि यंत्र सांगत राहतं की दाब कमी आहे. या प्रकारानं नस कायमची गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. उपाय अवघड नाही: आठवडाभरानंतरही धूसर असेल तर दाब कॉर्नियाच्या कडेला मोजा, नस पहा, स्टिरॉइड थांबवा. पण हे ज्याच्या मनात येईल त्यालाच सुचेल, आणि मनात यायचं तर फॉर्मवर तो रकाना हवा.

आपल्याकडे याला आणखी एक धार आहे. अ‍ॅलर्जीनं डोळे खाजणारी मुलं उपनगरांत काही थोडी नाहीत, आणि ‘लाल डोळ्याचे थेंब द्या’ म्हटलं की कोपऱ्यावरचा केमिस्ट जे देतो त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असतं. माझी भाची शाळेत असताना दोन उन्हाळे असे थेंब घालत होती, हे ताईला आठवलं ते मी खोदून विचारल्यावर. लेसरच्या आधी हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

तिसरी गोष्ट सक्शनची. फ्लॅप कापताना डोळा सक्शननं धरतात. ब्लेडवाल्या जुन्या पद्धतीत त्या वेळी आतला दाब पासष्टच्याही वर जातो आणि काही क्षण रुग्णाला अंधार दिसतो. फेम्टोसेकंद लेसरनं आणि स्माइल या फ्लॅप नसलेल्या पद्धतीत हा ताण कमी असतो, पण जास्त वेळ राहू शकतो. निरोगी नस हे सहज सोसते. आधीच झिजलेल्या नसेवर हा प्रयोग का करायचा, याचं समाधानकारक उत्तर मला मिळालेलं नाही. आणि ‘स्माइलमध्ये फ्लॅपच नाही, म्हणून हा प्रश्नच नाही’ असं जे सांगतात त्यांना विचारा: थर निघतो की नाही? निघतो. मग मापही बदलतंच.

एका ओळखीच्या नेत्रतज्ज्ञांनी माझं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं उत्तर मी प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते या वादातलं सर्वांत वजनदार उत्तर आहे. ते म्हणाले, लेसरमुळे काचबिंदू वाढतो असं कुठल्याही मोठ्या अभ्यासानं दाखवलेलं नाही. लाखो लोकांनी करून घेतलं, बहुतेक समाधानी आहेत. आणि लेसर झालेल्या डोळ्याचा दाब कमी भरतो हे प्रत्येक नेत्रतज्ज्ञाला माहीत आहे. तो तेवढी सूट धरतोच. तुम्ही उगाच घाबरवता आहात.

पहिली दोन वाक्यं मला मान्य आहेत. प्रत्येक जण सूट धरतोच, यावर मात्र माझा विश्वास बसत नाही, आणि त्याचं कारण डॉक्टरांचं अज्ञान नव्हे. सूट धरायची तर आधीचा आकडा हवा. लेसरपूर्वी दाब किती होता, जाडी किती होती, नस कशी दिसत होती? मूळची जाडी ही स्वतःच एक मोठी खूण आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या १,६३६ लोकांच्या अभ्यासात, ज्यांचा दाब जास्त पण नस शाबूत होती, त्यांच्यापैकी ५५५ मायक्रॉन किंवा त्याहून पातळ कॉर्निया असलेल्यांना काचबिंदू होण्याचा धोका जाड कॉर्नियावाल्यांच्या तिप्पट निघाला. वीस वर्षांनी भाचीची जाडी ४२० दिसेल. तिची निसर्गतः किती होती हे डोळा सांगू शकणार नाही, फक्त जुना कागद सांगेल.

तो कागद कुठं असेल? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार डॉक्टरनं रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची आहेत. काचबिंदू उगवतो वीस-तीस वर्षांनी. तोवर केंद्राची जागा बदललेली असते, मालक बदललेला असतो, सॉफ्टवेअर बदललेलं असतं. त्याच नियमांत हेही आहे की रुग्णानं मागितल्यावर बहात्तर तासांत कागद द्यायला हवेत. पण मागायचे हे रुग्णाला सांगतो कोण? विम्याचा दावा असता तर फाइल आपोआप निघाली असती. पण आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींत साडेसातपेक्षा कमी नंबरासाठीचं लेसर बसतच नाही. पैसे खिशातून, पावती एका पानाची, आणि घरी येतात ते थेंबांच्या वेळांचं कार्ड आणि एक काळा चष्मा.

घाबरवण्याबद्दल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं लोकांसाठी लिहिलेल्या माहितीत सांगितलं आहे की ज्यांना काचबिंदू आहे, ज्यांच्याबाबत त्याचा संशय आहे किंवा ज्यांच्या डोळ्यातला दाब जास्त आहे, त्यांच्यात ही शस्त्रक्रिया किती सुरक्षित आणि परिणामकारक आहे हे ठरलेलं नाही. त्यांनी डॉक्टरांशी आधी बोलावं. हे तिथल्या लोकांना सांगणं म्हणजे माहिती, आणि मुलुंडच्या मुलीला सांगणं म्हणजे घाबरवणं, असं कसं? आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही समीरा कोहली खटल्यात २००८ साली स्पष्ट केलं आहे की रुग्णाची संमती म्हणजे नुसती सही नव्हे. उपचाराचं स्वरूप, फायदे, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्यावर मिळालेली संमतीच खरी. आम्हाला सही करायला दिलेला कागद इंग्रजीत आठ पानी होता. त्यात काचबिंदू हा शब्द एकदा, ‘इतर दुर्मीळ गुंतागुंती’ अशा यादीत होता.

आता दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांशीही दोन शब्द. ‘घरात काचबिंदू आहे ना, मग लेसरचं नावच काढू नका’ हेही मला पटत नाही. नुसता घराण्याचा इतिहास आहे, नस निरोगी आहे, फील्ड स्वच्छ आहे, सगळ्या नोंदी हातात आहेत आणि माणूस दरवर्षी तपासायला येणार आहे, अशा वेळी काचबिंदूच्या तज्ज्ञाशी बोलून लेसर करायला हरकत नसावी. नस संशयास्पद असेल तर आधी काही काळ थांबून तिच्यात बदल होतो का ते पाहावं. आणि नस खराब झालीच असेल, फील्डमध्ये भोक पडलंच असेल, तर माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. काचबिंदूत रंगछटांतला आणि उजेड-अंधारातला फरक ओळखण्याची शक्ती आधीच घटलेली असते. लेसरनंतर रात्रीच्या दिव्यांभोवती वलयं दिसण्याची, अंधारात कमी उठावदार दिसण्याची शक्यता असते. आहे त्या नजरेला चष्मा काही करत नाही. डोळ्यात भिंग बसवण्याचा पर्याय सुचवतात, पण तेही डोळ्याच्या पुढच्या भागात जागा घेतं आणि त्याच्यामुळे दाब वाढू शकतो. काचबिंदूवाल्यासाठी तो सोपा मार्ग नव्हे. अधिक (प्लस) नंबर असलेल्यांचा डोळा लहान असतो, त्यांच्यात पाणी वाहून जाण्याचा कोन बंद होण्याची भीती असते. तो कोन बघितल्याशिवाय त्यांनी पुढे जाऊच नये.

भाचीनं त्या रविवारी पैसे भरले नाहीत. आम्ही काचबिंदूच्या तज्ज्ञाकडे गेलो. दाब गोल्डमानवर दिवसातून तीनदा मोजला, नसेचे फोटो काढले, ओसीटी केला, फील्ड टेस्ट दोनदा झाली, कारण पहिल्यांदा ती घाबरून चुकीची बटणं दाबत होती. डावी नस स्वच्छ. उजवीत खालच्या बाजूला कड थोडी पातळ. ती मोठ्या नंबरामुळे तशी आहे की सुरुवात आहे, हे आज सांगता येत नाही. आठ महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे. ती रडली. चष्म्याऐवजी दिवसा कॉन्टॅक्ट लेन्स वापरते आता, आणि घाटकोपरच्या पुलावर तिला पायऱ्या दिसतात.

हे तपासायला मोठा खर्चच लागतो असं नाही. कूपर, सायन, केईएम, नायर या पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत आणि सरकारी जे. जे.मध्ये नेत्रविभाग आहेत. रांग असते, वेळ जातो, पण नस बघणारे डॉक्टर तिथं आहेत. लेसर केंद्रांकडून माझी मागणी फार मोठी नाही. फॉर्मवर दोन प्रश्न छापा: घरात कुणाला काचबिंदू आहे का, आणि स्टिरॉइडचे थेंब पूर्वी कधी घातले होते का. उत्तर ‘हो’ असेल तर नस आणि फील्ड तपासल्याशिवाय तारीख देऊ नका. आणि प्रत्येक रुग्णाला, जोखीम असो वा नसो, ऑपरेशनपूर्वीचा नंबर, कॉर्नियाची जाडी आणि बाक, दाब आणि नसेचा फोटो असलेलं एक पान मराठीत समजावून, न मागता द्या. पुढं मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर काढायलाही हेच पान लागतं.

ज्यांचं लेसर आधीच झालं आहे, मग ते पाच वर्षांपूर्वी असो की वीस, त्यांना माझी विनंती आहे. जिथं केलं तिथं या आठवड्यात फोन करा आणि ऑपरेशनपूर्वीच्या नोंदींची प्रत मागा. मिळाली तर तिचा फोटो घरच्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. आणि यापुढं कुणीही तुमचा डोळा तपासायला घेतला, शिबिरात, दुकानात किंवा दवाखान्यात, तर दाब मोजण्याच्या आधी त्याला सांगा, “माझं नंबरचं लेसर झालेलं आहे.” साध्या नजरेला त्या डोळ्यावर कसलीही खूण दिसत नाही. तुम्ही सांगितलंत तरच त्याला कळेल.